‘गाठशास्त्रा’चा पहिला अंक

आमच्या ओसरीवरून समुद्र दिसतो, आणि समुद्र दिसला की मी कामातून जातो. हरमॅटन वाऱ्याच्या दिवसांत तर विचारूच नका. वाळवंटातून धूळ येते, आकाश आणि पाणी यांच्यामधली रेघ पुसून जाते, कोळ्यांच्या होड्या पाण्यात आहेत की हवेत हे कळेनासं होतं, आणि मी हातात गार होत चाललेला चॉकलेटी मिलोचा कप धरून बसून राहतो. येणाजाणाऱ्यांना वाटतं, डॉ. एबो बेन्टसिल झोपले. मी झोपलेला नसतो. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा एक दोरी तरंगत असते. तिची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवलेली असतात, मधे ती स्वतःतूनच तीनचारदा आतबाहेर गेलेली असते, आणि ती हळूहळू फिरत असते. मी तिच्याकडे बघतो. याबद्दल मला कॉलेज पगार देतं.

अशाच एका धूसर सकाळी मी बायकोला म्हणालो, "आराबा, मी एक नियतकालिक काढणार आहे."

आराबा माशांना मीठ चोळत होती. ती न थांबता म्हणाली, "स्वयंपाकाचं की फॅशनचं?"

"गाठींच्या गणिताचं."

आता मात्र ती थांबली. हात धुऊन आली, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "एसीचे बाबा, आधी तो मिलो प्या."

गाठींचं गणित म्हणजे काय हे मी लग्नापासून आराबाला समजावत आलो आहे. तिची समजूत अशी की आम्ही दोऱ्या सोडवतो. आम्ही सोडवत नाही. सोडवायला कोळी आहेत. एखादी गाठ जन्मात सुटणार नाही हे आम्ही सिद्ध करतो, आणि ते सिद्ध झालं की समाधानाने घरी येऊन जेवतो. यावर आराबाचं म्हणणं, "जे सुटणार नाही ते सुटणार नाही हे कळायला इतकी वर्षं कशाला लागतात?" या प्रश्नाला गणितात उत्तर नाही.

मला मात्र खरोखरच वीस वर्षं लागली होती. गाठींच्या एका मोठ्या कुळाबद्दल माझी एक सिद्धता होती. ती मी परदेशातल्या दोन नियतकालिकांकडे पाठवली. एकाने कळवलं की आमच्या वाचकांना यात रस नाही. दुसऱ्याने कळवलंच नाही. जुलैअखेर मी साठीचा होऊन निवृत्त होणार होतो. त्यानंतर माझी खोली, माझा फळा आणि माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती, आणि माझी सिद्धता माझ्याबरोबर ओसरीवर बसून मिलो पिणार होती.

पण हे सगळं लोकांना सांगायचं कारण झालं. मनातली गोष्ट वेगळी होती, आणि तिचं नाव होतं प्रोफेसर फिन.

गाठींचं गणित कळणारी माणसं आमच्या उभ्या देशात दोन. दोघंही केप कोस्टजवळच्या आमच्या लहानशा कॉलेजात, एकाच व्हरांड्यात, समोरासमोरच्या खोल्यांत. आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी ही सिद्धता मी वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवली होती. वर मोठ्या अक्षरांत ‘पुसू नये’ असं इंग्रजीत आणि आमच्या फांते भाषेत लिहिलं होतं, आणि खाली धोक्याची कवटी काढली होती. फिनचा पुढचा तास होता. त्याने फळा पुसला. मी जाब विचारला तर म्हणतो, "चौथी पायरी डळमळीत होती. पुसली गेली ते बरंच झालं."

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. विभागाच्या बैठकीत मला खिडकी उघडायला सांगायची असली तर तो शिपायाला सांगे, आणि उघडणार नाही हे मी शिपायालाच सांगे. पण तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. डळमळीत. मी ती पायरी पुन्हा बांधली, दहा बाजूंनी तपासली, मला ती पक्की दिसत होती. पण माझ्या दिसण्याला काय अर्थ? जगात मला एकाच माणसाच्या तोंडून ‘बरोबर आहे’ हे दोन शब्द ऐकायचे होते, आणि तो माणूस माझ्याशी बोलत नव्हता. आता असा विचार करा: नियतकालिक असलं की समीक्षक लागतो. लेखकाचं नाव खोडून लेख समीक्षकाकडे जातो, समीक्षकाचं नाव खोडून उत्तर येतं. बोलायची गरजच नाही. सारं नियतकालिक मी या एका सोयीसाठी काढलं, आणि हे मी आराबालाही सांगितलं नव्हतं.

बातमी फुटली ती शेजारी मिस्टर घार्टींमुळे. घार्टी हे कस्टममधून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या उघडून पाहिल्यामुळे त्यांना बंद गोष्ट सहन होत नाही. ते कुंपणावरून म्हणाले, "डॉक, गणिताचं मासिक काढताय म्हणे. लॉटरीचे आकडे शेवटच्या पानावर द्या."

"घार्टी, यात आकडे फार नसतात."

"गणितात आकडे नसतात?"

"आमच्या गणितात दोऱ्या असतात."

त्यांनी माझ्याकडे फार कनवाळू नजरेने पाहिलं. "हे बघा, मी कुणाला सांगत नाही. शनिवारच्या सोडतीचा फक्त एक आकडा मला आधी सांगत चला. बाकी मासिक तुम्ही दोऱ्यांनी भरा." आणि ते तिथल्या तिथे पहिले वर्गणीदार झाले. पुढे सहा महिने मी कुंपणाजवळ गेलो की ते भुवया उंचावत, आणि मी काहीही बोललो तरी त्यातून एक आकडा काढून लावून येत. एकदा मी सहज ‘आराबाला सतरा वेळा सांगितलं’ असं म्हणालो. सतरा आला. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर इतका विश्वास बसला की मला त्यांच्यापुढे बोलायची भीती वाटायला लागली.

नोंदणीसाठी राजधानीत, आक्राला जावं लागलं. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी नाव विचारलं. मी म्हणालो, "गाठशास्त्र." त्यांनी विषयांची यादी काढली: धर्म, शेती, क्रीडा, हस्तकला, मत्स्यव्यवसाय.

"जाळ्यांच्या गाठी का?"

"नाही मॅडम. कल्पनेतल्या गाठी."

"कल्पनेतल्या म्हणजे कथा-कादंबरी?"

"नाही हो, खऱ्या. पण नसलेल्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं, खिडकीबाहेरच्या आंब्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मला मत्स्यव्यवसायात टाकलं. तिथून मला मासेमारी खात्याचं ना-हरकत पत्र आणायला पाठवण्यात आलं. खात्याने महिनाभर विचार केला आणि लेखी कळवलं की सदर त्रैमासिकापासून लहान माशांना कोणताही धोका संभवत नाही. ते पत्र मी चौकट करून खोलीत लावलं आहे. माझ्या आयुष्यभराच्या संशोधनाबद्दल सरकारने व्यक्त केलेलं हे एकमेव मत आहे.

संपादक मंडळ मात्र बाहेरच्या देशांतून झकास जमलं. लोमेच्या मादाम अजोवी, नैरोबीचे एक गृहस्थ आणि इबादानचे एक. संपादकाने स्वतःचा लेख स्वतः हाताळू नये, म्हणून माझी सिद्धता मी मादाम अजोवींकडे दिली. त्यांनी नाव खोडलं आणि म्हणाल्या, "हे तपासू शकेल असा एकच माणूस आहे." मी फोनवर अगदी कोऱ्या आवाजात विचारलं, "कोण बरं?" त्या म्हणाल्या, "ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. गुप्त असतं."

ते लोमेला गुप्त असेल. आमच्याकडे फेब्रुवारीत, पाकीट आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, फिन बाजारात निळी आणि पिवळी नायलॉनची दोरी विकत घेताना साऱ्या गावाने पाहिला. त्याच्या खोलीचं दार उघडं असलं की आत दिसे: टेबलावर दोऱ्या, खुर्चीच्या पाठीवर दोऱ्या, खिडकीच्या गजाला बांधलेली एक अर्धवट गाठ, आणि त्या सगळ्यामधे चष्मा कपाळावर चढवून बसलेला फिन. त्याच्या हातात माझी चौथी पायरी आहे हे मला दोरीच्या वळणावरून ओळखू येई. मग मी कारण नसताना त्या दारावरून जायला लागलो. सकाळी एकदा, पाणी प्यायला एकदा, पाणी प्यायलो म्हणून एकदा. चालता चालता वेग कमी करायचा, चपलेत खडा गेल्यासारखं करायचं आणि आत बघायचं. तो वर बघत नसे.

मार्च गेला, ईस्टर गेला, पाऊस येऊन गेला. अहवाल नाही. मादाम अजोवींनी तीनदा आठवण केली. समीक्षकांचं उत्तर एकच: अजून वेळ लागेल. जुलै उजाडला तसं मी ठरवलं की शनिवारी चर्चच्या सभागृहात समारंभ करून नियतकालिक जाहीर करायचं आणि सोमवारी अंक छपाईला द्यायचा, नैरोबीचा आणि इबादानचा लेख घालून. माझा राहू द्यायचा. फिनच्या शब्दाशिवाय तो छापायची माझी छाती नव्हती. कारण पायरी खरंच डळमळीत असती तर? मग वीस वर्षं मी ओसरीवर बसून नक्की काय बघत होतो? हा प्रश्न मला जेवताना पडे, आणि मग मी ताट सोडून पुन्हा चौथी पायरी तपासायला बसे.

समारंभाची भित्तिपत्रकं छापायला मी ‘देवाची वेळ हीच खरी वेळ’ या छापखान्यात गेलो. मालक ब्रदर अमोआ. अहो, काय माणूस! मी माझा केंटेचं रंगीत कापड पांघरलेला, खुर्चीत बसलेला फोटो टेबलावर ठेवला मात्र, तो उठून उभा राहिला. त्याने यंत्र बंद करायला लावलं. मला बसायला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कधी?"

"येत्या शनिवारी," मी म्हणालो.

"इतक्या लवकर." त्याने मान हलवली. "वय?"

"साठ."

"काही वय नाही हे."

मला भरून आलं. निवृत्तीच्या वयाबद्दल माझंही हेच मत होतं, पण कॉलेजात कुणी ते बोलून दाखवलं नव्हतं. मी त्याला संपादक मंडळाची नावं दिली. "ही जवळची माणसं?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "फार जवळची." आराबाचं आणि लंडनला असलेल्या आमच्या मुलीचं, एसीचं नावही त्याने आपणहून मागून घेतलं. वर ‘गाठशास्त्र’ घालायला सांगितल्यावर म्हणाला, "हो हो, ज्याची जशी श्रद्धा." त्यानंतरही तो बरंच काही विचारत होता, पण त्याच्या दारातून समुद्र दिसत होता. धुकं उतरलं होतं, आणि त्या करड्या उजेडात माझी दोरी फिरायला लागली होती. मी हो हो म्हणत राहिलो. निघताना त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं की शुक्रवारी रात्री चिकटवायचं कामही तोच करेल, मला त्या यातना नकोत. मी घरी येऊन आराबाला म्हणालो, "या देशात गणिताबद्दल एवढा आदर असलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला."

आमच्याकडे मयती शनिवारी असतात, आणि असा खुर्चीतला फोटो कुठल्या भित्तिपत्रकावर लागतो, हे एखाद्या पोराने सांगितलं असतं. पण मी त्या आठवड्यात कुठल्याही भिंतीकडे पाहिलं नाही. मी कधीच पाहत नाही.

शनिवारी सकाळी मी बनियन आणि लुंगीवर ओसरीवर बसलो होतो. जुलैचं समुद्रावरचं धुकं रस्त्यापर्यंत आलं होतं. त्या धुक्यातून काळी आणि लाल कापडं पांघरलेली माणसं सावकाश चालत येत होती, काही बायका डोक्याला लाल फडकं बांधून, हात मागे धरून. त्यांचे पाय दिसत नव्हते, नुसती कापडंच तरंगत येत होती. किती सुंदर दिसतं हे, मी मनाशी म्हणालो. कुणीतरी गेलं वाटतं. चांगला माणूस असणार, इतकी मंडळी आलीत.

मग ती मंडळी आमच्या फाटकातून आत यायला लागली.

सगळ्यात पुढे घार्टी होते, आणि त्यांच्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्यांचा टेम्पो. मला बघून ते जागच्या जागी उभे राहिले.

"डॉक! तुम्ही?"

"मग कोण असणार? आणि या खुर्च्या कसल्या?"

"तुमच्याच," ते म्हणाले. "मंडप मागून येतोय. पहाटे चौकात पाहिलं आणि लगेच सांगून आलो."

"एकदा कुंपणावरून विचारायचं तरी!"

"असल्या वेळी घरच्यांना विचारतात का? शोभतं का ते?"

तेवढ्यात बाजारातून आराबा आली. एका हातात मक्याच्या केंकीची टोपली, दुसऱ्या हातात भिंतीवरून सोलून काढलेलं भित्तिपत्रक. मधे माझा फोटो, भोवती पांढरी कबुतरं. वर ‘अकाली प्रस्थान’. खाली माझं नाव, वय साठ, पंथ: गाठशास्त्र. त्याखाली ‘मुख्य शोककर्ते’ म्हणून सगळं संपादक मंडळ, आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ‘विधवा: आराबा’.

"मला एवढंच सांगा," आराबा म्हणाली, "ही लोमेची बाई तुमच्या शोकात माझ्या वर कशी?"

"आराबा, मी मेलेलो नाही."

"ते मला दिसतंय. मी वेगळं विचारतेय."

ब्रदर अमोआही आला होता, काळा शर्ट घालून. माझ्यापुढे त्याने हात जोडले. "साहेब, मला वाटलं जुळा भाऊ गेला. काही विचारलं की तुम्ही समुद्राकडे बघत होतात. मी म्हटलं, कोसळलाय बिचारा, जास्त छळू नये."

यात कुणाला कशाबद्दल बोलायचं हे मी ठरवतो आहे तोवर आमच्या कुळाचे प्रमुख नाना ओटू आले. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, डोळे रागाने लाल. आमच्यात आधी पेय घेऊन जाऊन कुळाच्या प्रमुखाला कळवायचं असतं, मगच मृत्यू जाहीर होतो.

"एबो!" ते गरजले. "मला न कळवता मेलास?"

"नाना, मी जिवंत आहे."

"तो नंतरचा प्रश्न आहे! मला चौकातल्या भिंतीवरून कळतं? तुझ्या बापाने असं केलं नव्हतं. तो मेला तेव्हा सगळ्यांत आधी मला सांगितलं गेलं."

मी माफी मागितली. दुसरं काय करणार? ते थोडे शांत झाले, अंगणाकडे पाहिलं. मंडप उभा राहिला होता, अर्ध्या खुर्च्या भरल्या होत्या, कोपऱ्यात बायकांनी हेल काढून रडायला सुरुवातही केली होती. नानांनी विचार केला. "आता हे असंच मोडता येणार नाही. माणूस गेला हे जसं रीतीने सांगतात, तसं तो गेला नाही हेही रीतीनेच सांगावं लागेल. पेय आणा, माझ्या वतीने बोलणारा माणूस आणा. तोवर तू आत जा. बनियनवर भूत बघून म्हाताऱ्या बायका पटापट पडतील."

म्हणून मी माझ्याच घरात, माझ्याच मयतीच्या वेळी, झोपायच्या खोलीत पडद्यामागे उभा राहिलो. माणसाचा अपमान किती प्रकारे होऊ शकतो याचा मी तिथे सविस्तर विचार केला. बाहेर लोक माझ्याबद्दल चांगलं बोलत होते, तेही फार चांगलं नव्हे. एक विद्यार्थी म्हणाला, "सर शिकवायचे छान, पण कुणाला शिकवतायत ते कळायचं नाही." एक बाई म्हणाली, "स्वभावाने गरीब. रस्त्यात हाक मारली तर भलत्याच दिशेला हसायचे."

आणि मग फाटकातून फिन आला.

त्याने काळं कापड खांद्यावरून घेतलं होतं. ते त्याला नेसता येत नाही, एक टोक मातीत लोळत होतं. हातात जिनची बाटली.  नाना अजून बोलणाऱ्या माणसाची वाट बघत होते, त्यांनी त्याला थांबवायला काठी उचलली, पण तो सरळ ओसरीपुढे आला, माझ्या खिडकीपासून दोन हातांवर, पायातल्या चपला काढल्या आणि बाटली उघडली. मेलेल्याशी बोलायचं तर जमिनीवर पेय ओतत बोलतात. 

"एबो, घे, पी," तो म्हणाला. थोडी जिन मातीत गेली. "अकरा वर्षं आपण बोललो नाही. आताही तू उत्तर देऊ नकोस, म्हणजे मला पुरं बोलता येईल."

मी पडदा घट्ट धरला.

"लेख माझ्याकडेच आला होता. नाव खोडलं होतं. कशाला खोडायचं? जिथे काहीही स्पष्ट नसतं तिथे ‘हे स्पष्टच आहे’ असं लिहिणारा या किनाऱ्यावर एकच माणूस." आणखी थोडी जिन. "मी तुझी चौथी पायरी पाडायला बसलो होतो. खोटं कशाला बोलू? दोऱ्या आणल्या, बोटं सोलून घेतली. ती पडली नाही. ईस्टरच्या आधीच मला कळलं. ती बरोबर आहे, एबो. नुसती बरोबर नाही, सुंदर आहे. आणि त्या दिवशी फळ्यावरसुद्धा बरोबरच असणार. मला काय माहीत? तासाला उशीर झाला होता. मी न वाचताच पुसली."

 रडणाऱ्या बायका रडणं सोडून पुढे सरकल्या होत्या.

"मग अहवाल का दिला नाही, असं तू विचारशील. सांगतो. अकरा वर्षं तू माझ्या दारावरून मान फिरवून गेलास. लेख आला आणि तू बघायला लागलास. सकाळी बघायचास, पाणी प्यायला जाताना बघायचास. मला दिसायचं सगळं, मी वर बघायचो नाही एवढंच. अहवाल गेला असता तर तू पुन्हा मान फिरवली असतीस. म्हटलं, आणखी एक आठवडा. मग म्हटलं, आणखी एक." पुन्हा थोडी जिन. "आणि तू मरून बसलास. तुला जरा धीर म्हणून नाही. कधीच नव्हता."

मला रडू फुटलं. साठ वर्षांचा माणूस, बनियनवर, पडद्याला तोंड पुसत हमसून हमसून रडलो. अकरा वर्षं ज्या दोन शब्दांची वाट पाहिली ते मिळाले होते, आणि मला कळलं की माझा मित्र मला परत हवा होता, शब्द हे त्याचं निमित्त होतं. रीत, बोलणारा माणूस, म्हाताऱ्या बायका, कशाचंही भान मला राहिलं नाही. मी दार उघडून बाहेर आलो.

पुढच्या गोंधळाचं वर्णन करत नाही. खुर्च्या उलटल्या, घार्टी ‘साठ! साठ लावा!’ असं काहीतरी ओरडले, आणि नाना ओटू काठी आपटून सगळ्यांना बसायला सांगत राहिले. फिन मात्र जागचा हलला नाही. बाटली तिरकी धरलेली, जिन मातीत जातेय, आणि तो माझ्याकडे बघतोय.

"तू मेलेला नाहीस," तो म्हणाला.

"नाही रे. माफ कर."

"मी बोललो ते ऐकलंस?"

"सगळं."

त्याने बाटली सरळ केली. खांद्यावरून घसरलेलं कापड वर ओढलं. अकरा वर्षांचा राग त्याच्या चेहऱ्यावर एका झटक्यात परत आला, अगदी ओळखीचा.

"मग मी मागे घेतो."

"सगळं?"

तो विचारात पडला. चष्मा कपाळावर चढवला. खोटं बोलणं त्याला जमत नाही, निदान गणितात तरी.

"चौथी पायरी मागे घेता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "ती बरोबर आहे. बाकीचं मागे घेतो."

"घे," मी म्हणालो. "पण बस आधी."

तो बसला. मी शेजारची खुर्ची ओढली. आराबाने आमच्या दोघांच्या हातात सूपचे वाडगे दिले. फिनने एक घोट घेतला, वाडगा खाली ठेवला आणि म्हणाला, "सातव्या पानावरचं ते ‘स्पष्टच आहे’ मात्र काढावं लागेल. अहवालात लिहिणार आहे मी."

"ते राहील. ते स्पष्टच आहे."

"कुणाला?"

"ज्याला डोळे आहेत त्याला."

तिथून जे सुरू झालं ते सुरू झालं. लोक जेवले, नानांनी रीतीने मी जिवंत असल्याचं जाहीर केलं, पाहुणे माझ्या नावाने हात धुऊन घरी गेले. संध्याकाळी मंडपवाले खुर्च्या गोळा करायला आले. त्यांना दोन खुर्च्या कमी भरल्या, कारण त्यांवर आम्ही बसून भांडत होतो.